साहेबांची मान

७ जून

चि. उंदरीस,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसली असशील. रूस. लहानपणी रुसलीस की पलंगाखाली जाऊन बसायचीस आणि भूक लागली की आपली आपण बाहेर यायचीस, तेव्हा मी काही फार मनावर घेत नाही. तुमच्या वसतिगृहाच्या फोनवर मागं मुलींची रांग असते आणि मला पटकन बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं. अक्षर लावून वाच.

बाळाचे गाल आता भरलेत. तुझे भाऊजी त्याला साहेब म्हणतात, कारण तो सारखा डावीकडंच बघतो, खिडकीकडं. आपण इकडून हाका मारा, खुळखुळा वाजवा, साहेब मान वळवत नाहीत. हापिसात टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाकडं बघत नाहीत ना, तसं. आम्ही हसायचो. मी तर कौतुकानं खिडकीपाशीच बसायचे, शिवणही तिकडंच घेऊन जायचे, म्हणजे त्याला मी दिसेन आणि मला तो.

मग एक दिवस अंघोळ घालताना त्याच्या मानेला उजवीकडं गाठ लागली हाताला. खेळायच्या गोटीएवढी. अंघोळ अर्धी सोडून त्याला टॉवेलात गुंडाळलं. डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, ही वाईट गाठ नव्हे, त्या बाजूचा स्नायू आखडलाय, रोज मान वळवून व्यायाम द्या, जाईल हळूहळू. आणि वेळेवर केलं नाही तर पुढं कापून सोडवावा लागेल. ते बरंच काय काय बोलले असतील, मला ऐकू आलं फक्त कापून.

मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं पाठवलं. मोठी खोली, भिंतीला आरसा, खाली निळी गादी. बाईंनी एका हातानं त्याचा खांदा धरला, दुसऱ्यानं डोकं, आणि मान वळवायला घेतली. तो जो किंचाळला, मी पोराला उचललं आणि तडक घर गाठलं. घरी आल्यावर कळलं, पायात चपला नाहीत. त्या तुझ्या भाऊजींनी जाऊन आणल्या. ते ओरडले नाहीत. फक्त परत कधी जायचं ते रोज विचारतात, आणि मी रोज उद्या म्हणते.

मला भीती वाटते गं. इवलीशी मान, माझ्या हातात मोडली तर. तुला वाढवलं तेव्हा मी पोरच होते, भीती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा तू रांगतही नव्हतीस. मी शाळा सोडली ती तुझ्यापायी, आता हे काही मी तुला ऐकवत नाही, गणित येत नव्हतं हेही एक कारण होतंच. तुला कडेवर टाकून सगळी गल्ली फिरायचे. नाक कुठंय म्हटलं की तू माझ्या नाकात बोट घालायचीस. कान कुठंय म्हटलं की कान असा पिरगाळायचीस की जीव जायचा. आबा खाली दुकानात सोफ्यात कापूस भरत असायचे, जिन्यानं कापूस उडत वर यायचा आणि तुझ्या केसांत बसायचा. म्हातारी झालीस, म्हातारी झालीस म्हणून मी तुला चिडवायचे. ते दिवस चांगले होते असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आता एक लिहिते, ते वाचून रागावू नकोस. बाळाला बघायला येते म्हणालीस, तर आत्ता येऊ नकोस. तू तिथं रोज मेलेल्या माणसांना हात लावतेस. माणसाचं शरीर शिकायचं तर ते करावं लागतं, कळतं मला. पण तेच हात बाळाच्या मानेला लागतील हे मनात आलं की अंगावर काटा येतो. तो जरा धट्टाकट्टा झाला की ये. दुसरं कारण सांगता आलं असतं, पण तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

आबा असताना थोरांना नमस्कार लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू द्यायचे नाहीत. तुमच्या वसतिगृहात सगळ्या तुझ्याच वयाच्या. नमस्कार सांगू कुणाला हा मला दर वेळी प्रश्न पडतो. स्वयंपाकाच्या मावशींना सांग. जेवत जा. राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. पलंगाखाली गेले नाही, इथले पलंग फार बुटके आहेत.

वाईट वाटलं, ते कशाला लपवू. पण तुझं म्हणणं मला समजत नाही असं नाही. पहिल्या वर्षी मला माझ्याच हातांनी घास घेववत नव्हता. चमच्यानं जेवायचे. हातमोजे घालायचे, कोपरापर्यंत साबण लावायचे, तरी तो औषधाचा वास नाकातून जात नसे, डोळे कांदा चिरल्यासारखे चुरचुरायचे. आता चमचा सुटला. तू नको म्हणतेस तर येत नाही. पण हात न लावता जेवढं सांगता येतं तेवढं सांगू दे.

कानामागं बोट फिरव. एक टणक उंचवटा लागेल, ते हाड. तिथून एक जाड पट्टा निघतो, मानेवरून तिरका खाली येतो आणि गळ्याच्या खळीपाशी छातीच्या हाडाला चिकटतो. दोन्ही बाजूंना एकेक. गंमत अशी की उजवा पट्टा ओढला की तोंड वळतं डावीकडं, आणि कान झुकतो उजव्या खांद्याकडं. मी हे हमखास उलटं सांगते. या महिनाअखेरीला आमची परीक्षा आहे, नेमकी मानेची, आणि माझी तीच पंचाईत आहे.

तर साहेबांचा उजवा पट्टा आखूड झालाय. आठवतं, आबांची सोफ्याची खोळ एका बाजूनं आखूड झाली की सगळी तिकडंच ओढली जायची. आबा कधी लगेच कात्री लावत नसत. ओलसर करायचे, थोडी ताणायचे, सोडायचे, दुसऱ्या दिवशी परत. हेही तसंच. बहुतेक बाळांची मान अशी सुटते, लवकर सुरू केलं तर. कापायची पाळी थोड्यांवर येते.

आणि ताई, तू खिडकीपाशी बसतेस तिथंच चुकतंय. त्याला तिकडं बघायला सोपं जातं म्हणून तू तिकडं बसतेस, आणि तू तिकडं म्हणून त्याला दुसरीकडं बघायचं कारण उरत नाही. त्याचं डोकं आहे तिकडं पाय कर. खिडकी आपोआप उजवीकडं येईल. तूही उजवीकडं बैस. मान कशी वळवायची ते मात्र मी पत्रातून सांगणार नाही. मी पेशंट बघत नाही, ते त्या बाईंचं काम. त्यांच्याकडं परत जा. फार भीती वाटत असेल तर तो पट्टा आधी भाऊजींच्या मानेवर शोध. दिवसभर छत रंगवून त्यांची मान तशीही वरच अडकलेली असते.

तुला मेलेली माणसं म्हणून भीती वाटते, म्हणून हेही लिहिते. आमच्या टेबलावर एक आजी आहेत. त्यांचं नाव आम्हाला सांगत नाहीत. एवढंच सांगतात, की मी गेल्यावर मुलांना शिकायला माझं शरीर द्या, असं त्यांनी स्वतः, धडधाकट असताना ठरवलं होतं. रोज काम सुरू करायच्या आधी आम्ही हात बांधून घटकाभर उभे राहतो. आमच्यातला एक जण फार वात्रट आहे, तोही तेव्हा गप्प असतो. त्यांच्या मधल्या बोटाचं टोक खरबरीत आहे, सुई टोचून टोचून तुझं झालंय तसं. पहिल्या दिवशी मी ते बोट बघितलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्या दिवसापासून काम संपल्यावर त्यांचं डोकं सरळ करून चादर मी घालते. कुणी नेमून दिलेलं नाही. मानेतला पट्टा मी बघितला तो त्यांचाच.

तुला ती बाहुली आठवते का, तू आबांच्या चिंध्यांची केलेली? मी ती उसवली आणि आत नुसता कापूस निघाला म्हणून भोकाड पसरलं. यात काहीच नाही, यात काहीच नाही. तेव्हापासून तू मला उंदीर म्हणायला लागलीस. दुसरी बाहुली केलीस ती मी उसवणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. आत हातापायांना काड्यापेटीच्या काड्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या, आणि मधोमध एक लाल बटण. मी विचारलं हे काय, तर तू म्हणालीस जीव. इथं सगळे एकमेकांना विचारतात, या विषयाकडं कशी वळलीस. मी दर वेळी काहीतरी दुसरंच सांगते.

भाऊजींना नमस्कार, साहेबांना सलाम. धाकटीवर जीव आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
उंदीर


२८ जून

चि. उंदरीस,
अ. आ.

तुझं पत्र आजींपर्यंत वाचलं आणि घडी घालून कपाटावर टाकून दिलं. मला पुढं वाचवेना. ते तिथं राहिलं. शेवटी तुझ्या भाऊजींनी रंगाचे हात धुऊन, पाय पसरून बसून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बोटाचं आलं तिथं ते थांबले आणि माझ्या हाताकडं बघितलं. मग बाहुलीचं वाचलं. बटणाचं मी साफ विसरले होते. ते आबांच्या लाल बुशशर्टाचं, आबा ते आठवडाभर शोधत होते आणि मी त्यांच्याबरोबर शोधल्यासारखं करत होते.

साहेबांची बदली केली. डोकं होतं तिकडं पाय केले. पहिल्या दिवशी त्यांनी असा गोंधळ घातला की शेजारीण विचारायला आली. डावीकडं बघायला गेले तर कोरी भिंत. तुझे भाऊजी म्हणाले, बदली झाली की आधी सगळेच कुरकुर करतात, मग रुळतात. मी आता उजवीकडं बसते. उजेड पाठीमागून येतो, शिवणावर माझीच सावली पडते. पडू दे.

पट्टा सापडला. यांना चटईवर झोपवलं, कानामागचं हाड शोधलं आणि म्हटलं, डावीकडं बघा. तर उजवीकडची ती वादी बोटाखाली अशी टरारून वर आली की मी हातच काढून घेतला. मग आरशात माझी बघितली. एवढी वर्षं मान डोलावतेय, मान हलवून नाही म्हणतेय, आणि आत काय ओढतंय ते ठाऊकच नाही. आता यांना रोजच मान दाखवायची असते. कामावरून आले की आडवे होतात आणि म्हणतात, डॉक्टरीणबाई, बघा जरा. मी म्हणते तुमची आता सुटायची नाही, तुम्ही रंगच लावा.

बाईंकडंही परत गेले. चपला घालूनच परत आले. मला वाटलं बोलतील, पण त्या म्हणाल्या की पळून जाणाऱ्या आया परत येतात, न पळणाऱ्या कधीकधी येत नाहीत. काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक, पण बरं वाटलं. त्यांनी माझा हात त्याच्या डोक्याखाली ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला. दमादमानं वळवायचं, अडेल तिथं थांबून धरायचं, झटका द्यायचा नाही. तिथं मला जमलं.

घरी जमत नाही. त्यानं ओठ काढले की माझ्या हातांचं पाणी होतं. सोडून देते. मग पाजायला घेते आणि त्याला पाजता पाजता मीच रडते. डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार आहेत. तोवर मान सैल पडायला लागली नाही तर मोठ्या इस्पितळात पाठवतो म्हणाले. तिथं काय करतात ते तुला माहीत आहे.

म्हणून लिहिते. तू ये. तुझ्या हातांना ती मान आतून माहीत आहे, दुसऱ्या कुणाच्या हातांना इतकी माहीत असेल असं मला वाटत नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहिलं. मग विचार करत बसले, की ते हात कुणाचे. त्यांची नखं मी कापलीत. जिन्याखालच्या नळावर मीच ते खसखसून धुतलेत, खळ लागलेली असायची, तू ओरडायचीस. तेच हात. मला दुसरे नकोत.

परीक्षा झाली की ये. नाही म्हणू नकोस. तुझ्यावाचून अडलंय, एवढं तरी ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. परीक्षा झाली. सरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला, उजवा पट्टा आखडला तर तोंड कुठं. मला साहेब दिसले, खिडकीकडं बघत असलेले. मी ताडकन डावीकडं म्हणाले. सर म्हणाले, फार खात्री दिसते. मी म्हटलं घरचीच गोष्ट आहे.

शनिवारच्या पहिल्या गाडीनं निघते. हात धुऊन येईन. तुझ्या दारात परत धुईन. तू सांगशील तितक्यांदा धुईन. पलंगाखाली जागा ठेव. बाकी भेटीत, आणि माया आहे तशी.

तुझी,
उंदीर


२७ जुलै

चि. उंदरीस,
अ. आ.

तू नीट पोचलीस हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. डबा परत पाठवायची घाई नाही. झाकण मात्र हरवू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

तुला एक वचन देते. तूही घाबरलीस हे मी कुणाला सांगणार नाही. भाऊजींना ठाऊक आहे, पण ते रंगाऱ्याच्या जातीचे, भिंतीतल्या भेगा बुजवणारे. तू मोरीत एवढा वेळ हात धूत होतीस की ते मला हळूच म्हणाले, कातडं शिल्लक राहील ना गं. मग तू बाळाजवळ बसलीस, बरोबर जागी बोटं ठेवलीस, आणि त्यानं नुसतं तोंड उघडलं तर चटका बसल्यासारखे हात काढून घेतलेस. म्हणालीस, तिथं कुणी रडत नाही ताई. तिथं कुणी गरम नसतं. मला त्या वेळी हसू यायला नको होतं, पण आलं. इतकी शिकलेली माझी उंदीर, आणि तोंड अगदी आईविना रडणाऱ्या तेव्हाच्या पोरीसारखं.

तू घाबरलेली दिसलीस की माझी भीती कुठं जाते ते मला कधीच कळलेलं नाही. लहानपणीही तसंच व्हायचं. वीज कडाडली की मी तुला पोटाशी घ्यायचे आणि तुझ्या भीतीत माझी विसरायचे. तेव्हा मीच म्हटलं, हात माझ्या हातावर ठेव आणि नुसतं सांग. तू सांगत गेलीस, आता आलं, आता अडलं, इथं धर. मी धरलं. तो रडला, तू रडलीस, मी रडले, हे दूध आणायला बाहेर गेले आणि दूध न आणताच परत आले. पण मान सोडली नाही कुणी. आणि तू मध्येच नाक कुठंय म्हणायला लागलीस, थेट माझ्या त्या वेळच्या आवाजात, नाकातून. तो रडता रडता थांबला. मला वाटलं आपल्याच जिन्यावर बसलोय आणि खालून कापूस उडतोय.

तू गेल्यापासून मी रोज करते. तो रडतो, मीही थोडी रडते, पण हात थांबत नाहीत.

आता खरी बातमी. परवा सकाळी मी उजवीकडं बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. साहेब कोऱ्या भिंतीकडं बघत पडलेले. मी त्यांना हाक मारली नाही काही नाही. आपल्याच नादात म्हणत होते, नाक कुठंय, कान कुठंय, उंदीरमामाची शेपटी कुठंय. सळसळल्यासारखं झालं म्हणून बघितलं तर तो वळला होता. सगळा वळला होता. कान खांद्यावरून उचललेला, हनुवटी माझ्याकडं, आणि डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. मी हातातला टॉवेल तसाच धरून बसले. हलले तर जाईल असं वाटलं. बराच वेळ बघितलं त्यानं मला, ओळखीच्या माणसाकडं बघतात तसं, आणि मग सही झाल्यासारखी मान परत भिंतीकडं. यांना सांगितलं तर म्हणाले, अखेर साहेबांनी अर्ज बघितला म्हणायचा.

काल डॉक्टरांनी तपासलं. मान बरीच सैल पडलीय, गाठ लहान झालीय. मोठ्या इस्पितळात पाठवायचं आता नाव काढलं नाही. चालायला लागेपर्यंत व्यायाम सोडू नका म्हणाले. मी म्हटलं नाही सोडत.

त्याच्यासाठी बाहुली शिवतेय. आत काड्या घातल्या नाहीत, टोचतील. लाल बटण मात्र घातलंय, कापसात खोल, चार पदरी शिवून. मावशीवर गेला तर एक दिवस उसवून बघेलच. मोठा झाल्यावर बघ म्हणावं.

तू म्हणालीस की वर्ष संपलं की तुमच्या आजींना निरोप देतात, फुलं वाहतात, मुलं रांगेत उभी राहतात. त्या दिवशी माझ्या नावचं एक फूल तू वाहा. पण तोवर थांबायला नको. पत्राच्या शेवटी नमस्कार कुणाला सांगू, हा प्रश्न आता मला पडत नाही. तुझ्या टेबलावरच्या आजींना माझा नमस्कार सांग. मोठ्यानं नको, तो वात्रट मुलगा हसेल. संध्याकाळी डोकं सरळ करून चादर घालतेस ना, तेव्हा हळू सांग. म्हणावं, माझ्या ताईनं सांगितलाय. आणि म्हणावं, बाळ आता दोन्हीकडं बघतं.

जेवत जा. हातानंच जेव.

तुझी,
ताई